बूच पूजेत राहिलं

मला स्वस्थ बसता येत नाही, हे माझ्या ओळखीतल्या कुणालाही विचारा. चहा निवेपर्यंत दम निघत नाही म्हणून रोज जीभ भाजून घेतो. रस्त्यावर माझ्या पुढचा गाडीवाला झोपलेला असतो, दुकानातला माणूस मुद्दाम हळूहळू पुडी बांधत असतो, आणि घरातली माणसं तर मला उशीर करायलाच जन्माला आलेली असतात. हे मी मनात ठेवत नाही, बोलून मोकळा होतो. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. शेजारी मिलची घरघर, त्यामुळे ओरडून बोलायची सवय लागली आणि तोच सूर घरी येतो, असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलो. लोकांनीही ते ऐकून घेतलं.

तर ही गोष्ट गेल्या दसऱ्याची, माझी आणि दाजींची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. संगमनेरहून अकोल्याला जाताना वाटेत त्यांचं गाव लागतं. डाळिंबाची बाग, बागेला ठिबक, दारात सहा गायी. माणूस मितभाषी. मी दहा वाक्यं बोललो की त्यांचं एक यायचं, तेही "व्हय" एवढंच.

भंडारदऱ्याकडे एक कॅम्पवाला धंदा आवरत होता, तेव्हा त्याच्याकडून मी दोन कयाक उचलल्या. पिवळी माझी, लाल दाजींची. त्यांना हौस होती की नाही, हे मी विचारलं नव्हतं. "दाजी, तुम्हालाही एक घेतलीय," एवढंच सांगितलं. पण माणूस रमला. सुट्टी जुळली की त्यांच्या दुधाच्या पिकअपमध्ये दोन्ही होड्या टाकायच्या आणि धरण गाठायचं, असं सुरू झालं. होड्या जाड प्लास्टिकच्या, आतून पोकळ. माणूस आत पाय घालून बसत नाही, वर बसतो. चुकून पोकळीत पाणी गेलंच तर काढायला मागच्या टोकाला एक भोक असतं, आणि त्याला आट्याचं बूच. अंगठ्याएवढं बूच, पण सगळी होडी त्याच्या जिवावर तरंगते.

दसऱ्याला जायचं मीच ठरवलं. आठ दिवसांनी कारखान्याचा बॉयलर पेटणार होता आणि एकदा गाळप सुरू झालं की मला उन्हाळ्यापर्यंत सुट्टी नाही. बहीण फोनवर म्हणाली, "अरे, सणासुदीला कसलं पाणी? माणसं सोनं द्यायला घरी येतील." मी म्हटलं, "चारच्या आत परत येतो." ती पुढे काहीतरी बोलत होती, तेवढ्यात मी फोन ठेवला.

पहाटे साडेपाचला निघायचं होतं. दाजी आले सहा वाजून दहा मिनिटांनी. मी फाटकात उभा राहून राहून पायाला मुंग्या आणल्या होत्या. गाडी थांबायच्या आत मी सुरू झालो. वेळेचं काही आहे की नाही, ऊन चढलं की वारा सुटतो, मग काय पाण्यावर गोट्या खेळायच्या का? सहा गायींची धार काढून माणूस आलाय, हे मला ठाऊक होतं. तरी बोललो. दाजींनी पिवळी होडी चढवायला हात लावला, दोर आवळला आणि गाडीत बसले.

गाडीला झेंडूची माळ होती. मागे लाल होडीवरही हळदीकुंकवाची पाच-पाच बोटं ओढलेली दिसली.

"होडीची पण पूजा केलीत का काय?"

"काल खंडेनवमी हुती न्हवं. आपलं हत्यारच हाय ते."

मला हसू आलं. अकोले मागे पडलं, राजूर मागे पडलं. पुढे एक उसाचा रिकामा ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध चालला होता, दोन ट्रॉल्या डुलवत. मी खिडकीतून डोकं काढून त्याचा उद्धार करत होतो, तेव्हा दाजी म्हणाले, "पाव्हनं, येक सांगायचं हुतं."

"आधी याला ओलांडा हो! हॉर्न द्या!"

त्यांनी हॉर्न दिला. ट्रॅक्टर ओलांडल्यावर मी विचारलं, काय म्हणत होतात? ते म्हणाले, काय न्हाई, बघू पुढं.

धरण काठोकाठ भरलं होतं. पाणी अगदी निवांत, डोंगर उलटा उभा राहिलेला. दुसऱ्या कुणाला तिथं बसून राहावंसं वाटलं असतं. मला फक्त पलीकडचा काठ दिसत होता आणि हातातलं घड्याळ. पलीकडे जाऊन पोहे खायचे आणि वारा सुटायच्या आत परत फिरायचं, असा माझा हिशेब. मी लाइफ जॅकेट चढवलं, होडी पाण्यात ढकलली, वर बसलो. दाजी अजून काठावरच. लाल होडीच्या मागच्या बाजूला वाकून काहीतरी ठोकत होते.

"काय चाललंय मागं? दिवाळी उजाडायची का इथंच?"

"झालं, झालं," म्हणत त्यांनी हातातला दगड टाकला आणि होडी लोटली.

मी पुढे, ते मागे. हे नेहमीचंच होतं. पण त्या दिवशी अंतर फार पडायला लागलं. मी थांबायचो, मागे बघायचो, ते लांब ठिपक्याएवढे. मग मी ओरडायचो, "हात चालवा की दाजी!" आणि तिकडून बारीक आवाजात "आलो, आलो" यायचं. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळेला मी मुद्दामच थांबलो नाही. म्हटलं, येऊ देत मागून, आज जरा घाम निघू दे.

अर्ध्याच्या पुढे गेलो आणि वारा लागला. वाऱ्यानं होडी वळली म्हणून नजर मागे गेली, तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. लाल होडीचं नाक वर उचललेलं होतं आणि बूड पाण्यात. दाजी वल्हं मारत होते, पण होडी जागची हलत नव्हती. त्यांच्या कमरेपर्यंत पाणी आलेलं लांबूनही कळत होतं.

होडी वळवली आणि जिवाच्या आकांतानं वल्हवत सुटलो. एवढ्या घाईत असा मी कधीच नव्हतो, आणि तरी अंतर कमी होईना. तोंडानं मात्र माझं चालूच होतं, "हलू नका! जागचे हलू नका!" ते बिचारे कुठे हलत होते.

जवळ गेलो, त्यांच्या होडीची कड पकडली आणि दोन्ही होड्या एकमेकींना घट्ट लावून धरल्या. आत पाण्याचा डबडब आवाज येत होता.

"काय झालं?"

"काय न्हाई. जरा जड वाटतीय."

"जरा? अहो, बुडतीय ती! बूच कुठंय?"

दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "पूजेत हाय."

"कशात?"

मग कळलं ते असं. खंडेनवमीला त्यांच्याकडे घरातली झाडून सगळी हत्यारं देवापुढे मांडतात. विळे, खुरपी, पाने, पकडी. होडी काही देवघरात येईना. धुतलेलं पाणी निथळायला बूच काढलेलंच होतं, तर होडीच्या वतीनं म्हणून त्यांनी बूच पूजेत ठेवलं. हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं. आणि पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हलवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. मग ठिबकच्या नळीच्या टोकाला लावतात ते बूच घेतलं, त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि काठावर दगडानं ठोकून बसवलं.

"मोटारीचं प्रेशर सोसतंय ते," दाजी म्हणाले. "म्हनलं ह्या पान्याचं काय."

मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण दोन्ही हात होड्यांवर होते. बागेत दहा वर्षं न सुटलेलं ते बूच लाटांच्या हिसक्यांनी कधीच निघून गेलं होतं. भोक पाण्याखाली होतं आणि आत पाणी भरतच होतं. आमच्या दोन्ही बाजूंना काठ सारखाच लांब.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मी पाण्यात उतरतो, मागून भोक बंद करतो. तुम्ही माझी होडी धरून ठेवा. आणि उलटलीच तर घाबरू नका, पोहत बाजूला व्हा."

दाजींनी आपल्याच होडीची कड आणखी घट्ट धरली. मी परत सांगितलं, मोठ्यानं. तेव्हा ते म्हणाले, "मला पवता येत न्हाई."

पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, पोहता येतं ना? आणि ते "व्हय" म्हणाले होते. मी कसं विचारलं होतं तेही आठवलं. "पोहता येतं ना? विहिरीवरची माणसं तुम्ही, न येऊन सांगता कुणाला," असं म्हणत मी वल्हं त्यांच्या हातात दिलं होतं. म्हणजे चार वर्षं हा माणूस, पोहता येत नसताना, माझ्यामागून एवढ्या खोल पाण्यावर फिरत होता.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मी टरकलो. बहिणीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. ती दारात आपट्याची पानं घेऊन उभी, आणि मी एकटाच पिकअप घेऊन आलोय. तिला मी काय सांगणार होतो? दाजींचं जॅकेट बघितलं. कॅम्पवाल्याच्या वेळचं, उन्हानं विटलेलं, पोटावरचा पट्टा लावलेलाच नाही. मी ओरडत ओरडत तो लावला.

आणि पुन्हा घाई केली. आधी त्यांना माझ्या होडीवर घ्यायला हवं होतं. मी मात्र रुमालाचं टोक प्लास्टिकच्या पिशवीत पिळून बोळा केला आणि धाडकन पाण्यात उडी टाकली. मागच्या टोकाला लोंबकळलो, भोक चाचपलं, बोळा आत कोंबला. नीट बसावा म्हणून जोर लावला, आणि माझ्या वजनानं आतलं सगळं पाणी एका अंगाला गेलं. लाल होडी सावकाश कलंडली. दाजी पाण्यात गेले.

आवाज फक्त पाण्याचा आला. त्यांनी हाक मारली नाही की काही नाही. जॅकेट पाण्यानं वर सरकून कानांपर्यंत आलं, त्याच्या मधे त्यांचं तोंड, डोळे विस्फारलेले. हात पाण्यावर आपटत होते. मी पोहत गेलो, मागून जॅकेटला धरलं आणि त्यांच्या कानात ओरडलो, "धरलंय मी! धरलंय! हात मारू नका!" त्यांनी खरंच हात मारायचे थांबवले. बुडायच्या भीतीपेक्षाही माझा आवाज त्यांना आधी पोचला, असं आता वाटतं. तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

पिवळी होडी वाऱ्यानं सरकत चालली होती. दाजींना ओढत तिला गाठलं, मागच्या दोराच्या कडीत त्यांची बोटं अडकवली. पलीकडून मी वर चढलो. दोनदा पडलो, तिसऱ्यांदा चढलो. मग त्यांच्या जॅकेटच्या खांद्यांना धरून, एक-दोन-तीन म्हणत, त्यांना पोटावर मागच्या भागावर ओढून घेतलं. पेंडीचं पोतं गाडीत घेतात तसं. त्यांचे पाय पाण्यातच राहिले, पण छाती वर आली. "घट्ट धरा आणि जगाचा अंत झाला तरी हलू नका," असं सांगून मी वल्हं हाणायला सुरुवात केली.

"व्हडी?" मागून आवाज आला.

"खड्ड्यात गेली होडी!"

वारा आता पाठीशी होता, आम्ही आलो त्या काठाकडे ढकलत होता. तरी किती वेळ लागला कुणास ठाऊक, घड्याळ मी पहिल्यांदाच बघितलं नाही. दर दहा हातांनी मी विचारायचो, "आहात ना?" आणि ते म्हणायचे, "हाय." मधेच एकदा उत्तर आलं नाही. मी मान वळवली तर ते नुसती मान हलवत होते, दात वाजत होते म्हणून बोलता येईना.

काठाला लागलो. दाजी चार पायांवर रांगत वर गेले आणि गवतात बसले. मी होडी ओढली, जॅकेट फेकलं, आणि जीव वाचल्याची खात्री झाल्यावर माझा बांध फुटला. आता आठवलं तरी लाज वाटते. थरथरणाऱ्या माणसापुढे उभा राहून मी हातवारे करत ओरडत होतो. पाणी शिरतंय हे कधी कळलं तुम्हाला?

"निघाल्यावर थोड्या टायमानं."

"म्हणजे अर्धा तास! अर्धा तास तुम्ही तसेच बसलात? तेव्हाच परत फिरलो असतो ना! मी एवढ्या हाका मारत होतो, तोंड होतं ना तुम्हाला? सांगितलं का नाही?"

दाजींनी ओला चेहरा पुसला. मग साधेपणानं, आज दूध किती निघालं सांगावं तसं, म्हणाले, "तुमी वरडता."

मी म्हटलं, "अहो, पण जीव गेला असता!"

"व्हय. पन ते तवा कुठं कळतंय. तवा वाटलं, जाईल की काठापतूर. सकाळपास्नं तुमी तापलेलंच. गाडीत सांगनार हुतो." त्यांनी हात हलवला. "जाऊ द्या."

मी त्यांच्या शेजारी बसलो. लांबवर लाल होडीची पालथी पाठ दिसत होती, काठाकडे हळूहळू येणारी. मला फार वेळ गप्प बसवत नाही, म्हणून मीच म्हटलं, "एवढा का मी वाईट आहे दाजी? जिवावर बेतलं तरी माणसानं सांगू नये?"

"वाईट न्हाई. घाबरत्यात मान्सं."

"कोण घाबरतं?"

दाजी पाण्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असावं, विषय इथंच संपेल. पण मी सोडणारा नव्हतो. "नाव घेऊन सांगा ना, कोण घाबरतं?"

"वरडनार न्हाई?"

"नाही."

"आई घाबरायच्या."

माझी आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. छातीत गाठ होती. मला कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला नाशिकला घेऊन गेलो, मोठ्यातला मोठा डॉक्टर गाठला, रात्रीचा दिवस केला. उशीर झाला म्हणाले ते. मी त्या डॉक्टरवर ओरडलो होतो, आणि दवाखान्याच्या जिन्यात बहिणीवरही. तू दर पंधरा दिवसांनी भेटतेस तिला, तुला दिसलं कसं नाही? बहीण एक शब्द बोलली नव्हती. तिच्या त्या गप्प बसण्याचा मी हवा तो अर्थ लावला होता.

"आमाला चार म्हैने आधी ठावं हुतं," दाजी म्हणाले. "आईंनी हिला दाखवली हुती गाठ. आमी म्हनलो, पाव्हन्यांला सांगू, गाडी करू. तर हातापाया पडल्या. म्हनल्या, त्याच्या कारखान्याचा सीझन चालू हाय, आता सांगितलं तर घर डोक्यावर घील. सीझन झाल्यावर मीच सांगते. आमी हितं संगमनेरात एका डाक्टरला दाखवलं, गोळ्या आनल्या. हिनं तुमाला दोनदा फोन लावला हुता सांगायला. तुमी घाईत हुता."

पुढे ते आणखी काहीतरी म्हणाले. आईला त्यांच्याकडची मेथीची भाजी आवडायची, असं काहीतरी. मला ते ऐकू येत होतं आणि समजत नव्हतं. मी उठून उभा राहिलो, परत बसलो. परत उठलो. कुठं जायचं होतं मला? डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही, तसाही सगळा भिजलेलोच होतो.

दाजी अजून कुडकुडत होते. ओला शर्ट काढायला बघत होते, पण बोटं बधिर झालेली, गळ्याखालचं बटण निघेना. दोनदा प्रयत्न केला, सोडून दिला. मी त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसलो आणि बटण काढायला हात पुढे केला.

त्यांनी डोळे मिटले आणि मान झटकन मागे घेतली.

मी आयुष्यात कधी कुणावर हात उगारलेला नाही. दाजींना ते माहीत होतं.